माहेरचं खोकड, सासरचं अस्वल: रानवाटेनं चालताना काय करायचं

माझ्या काठीला एक पितळी घंटी बांधलेली आहे. माहेरच्या शेरडाच्या गळ्यातली. लग्नात आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भांड्यांबरोबर ती बांधून दिली होती. वरच्या वाडीला निघताना एखाद्या दिवशी छत्री विसरेन, पण ही काठी विसरत नाही.

मी पाटण तालुक्यात २०१२ पासून आशा सेविका आहे. आमचं गाव खाली नदीच्या अंगाला आणि माझ्याकडच्या तीन वाड्या वर डोंगरात. सगळ्यात लांबच्या वाडीला पोचायला दोन तास चढ चढावा लागतो, त्यातला निम्मा दाट झाडीतनं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या कडेकडेनं ही वाट जाते. गरोदर बायांची नोंद, बाळांच्या लसीचा निरोप, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, काही ना काही घेऊन आठवड्यातनं दोनदा तरी माझी फेरी होते. नव्या आलेल्या सिस्टर, बदली होऊन आलेले गुरुजी, निवडणुकीच्या कामाला आलेले कर्मचारी, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, अस्वल समोर आलं तर काय करायचं?" दर वेळी तोंडी सांगते. आता म्हटलं, एकदा नीट लिहून काढावं.

अस्वलाचं विचारलं तरी मी सुरुवात खोकडापासनं करते.

आधी खोकड

माझं माहेर आटपाडीकडचं. इकडं कोयनेजवळच्या नवजाला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तिकडं ५०० पडला तर साल चांगलं गेलं म्हणायचं. उघडा माळ, कुसळी गवत, बोरी, बाभळी. आण्णांची वीस-पंचवीस शेरडं होती आणि आमच्या जिरायती रानाच्या बांधाला खोकडाचं बीळ होतं. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्हा आठ-दहा किलोचा असतो. खोकड दोन-तीन किलोचं, मांजरापेक्षा जरासं मोठं, शेपटीचं टोक काळं. उंदीर, सरडे, वाळवी, किडे आणि हंगामात बोरं, यावर त्याचं पोट.

मी सात-आठ वर्षांची असेन. खोकड बघायला म्हणून पळत जायचे तर ते दोनशे पावलांवरनंच गायब. आण्णा मात्र शेरडं घेऊन त्याच बांधाशेजारनं जायचे आणि ते बिळाच्या तोंडाशी आपलं बसून. मला रडू यायचं. एक दिवस आण्णा म्हणाले, "तू त्याच्याकडं सरळ जातीयास. सरळ कोण येतं? धरणारा येतो. तिरकं चाल, आन् त्याच्याकडं बघू नगंस."

तिरकं चालले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते बसून राहिलं.

रानात वावरायचं माझं सगळं शिक्षण या एका वाक्यातनं सुरू झालं. आपण जनावराला बघतो त्याच्या किती तरी आधी त्यानं आपल्याला बघितलेलं, ऐकलेलं किंवा हुंगलेलं असतं. आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, नजर कुठं आहे, पाय किती भरभर पडतायत, मधेच थांबलो का, वाकलो का, हे सगळं ते वाचत असतं. त्यावरनं ते ठरवतं की खात बसायचं, उठून जायचं, पळायचं, की अंगावर यायचं.

प्रत्येक जनावराची अंतरं ठरलेली असतात. एका अंतरावर त्याला आपली चाहूल लागते. आणखी जवळ गेलं की ते हलतं. आणि त्याच्याही आत, जिथं पळायला जागा किंवा वेळ उरत नाही, तिथं ते उलटतं. पहिली वेस ओळखायला शिका. खाणं थांबतं, मान वर होते, दोन्ही कान आपल्याकडं वळतात, कधी पुढचा एक पाय अर्धा उचललेला राहतो. हे दिसलं की आपण वेशीवर आलो. तिथंच थांबायचं, किंवा त्याला बाजूला ठेवून तिरकं निघून जायचं. वाकून, दबकत, झुडपाआडनं पुढं सरकायचं नाही. दबकत फक्त शिकारी येतो, हे त्याला जन्मापासनं ठाऊक असतं. फोटोसाठी अशी दबकत जाणारी माणसं मी कासच्या पठारावरही बघितलीत आणि वासोट्याच्या वाटेवरही. त्यांना वाटतं आपण जनावराला त्रास देत नाही. खरं तर पलीकडनं बोलत जाणाऱ्या बायकांपेक्षा ते त्याला जास्त घाबरवतात.

खोकडाला लागू पडणारं हे सगळं मी सासरी अस्वलाला लावलं, फक्त एक गोष्ट उलटी करून. उघड्या माळावरचं खोकड आपल्याला लांबनं बघतं, म्हणून तिथं शांत चाललं तरी चालतं. झाडीतल्या अस्वलाला आपण दिसतच नाही. त्याला सांगावं लागतं.

अस्वलाच्या वाटेवर

अस्वलाचं नाक फार तिखट, पण नजर अधू. त्यातनं वारुळात तोंड घालून वाळवी ओढत बसलं की त्याला आजूबाजूचं भान राहत नाही. त्याचे वरचे पुढचे दोन दात नसतातच. त्या फटीतनं ते वाळवी ओढून घेतं आणि लोहाराचा भाता चालावा तसा आवाज शंभर पावलांवर ऐकू येतो. तो आवाज आला की आपले पाय जागच्या जागी थांबले पाहिजेत. कारण त्याला पत्ता लागायच्या आत आपण पाच-दहा पावलांवर जाऊन उभे राहिलो, तर ते दचकतं, आणि दचकलेलं अस्वल आधी अंगावर येतं, मग पळतं. ते माणूस खायला येत नाही. जाणकार सांगतात, हे जनावर पिढ्यानपिढ्या वाघाच्या शेजारी राहिलेलं. पंजे खणायला बनलेले, वाघापुढं पळून सुटका नाही, म्हणून समोरच्यावर तुटून पडणं हाच त्याचा बचाव होऊन बसला.

म्हणून पहिलं काम, आपण येतोय हे त्याला आधी कळवायचं. माझी घंटी त्यासाठी. शिवाय मी चालताना जात्यावरच्या ओव्या म्हणते. बरोबर कुणी असेल तर मोठ्यानं बोलत जाते. करवंदीच्या जाळीचं वळण आलं, उंबराखालची वाट आली, की थांबून एक हाळी देते आणि मोजून दहा श्वास थांबते. तेवढ्यात ते आपली वाट धरतं. बऱ्याचदा झाडीत नुसती सळसळ होते, दिसत काहीच नाही. ती सळसळ ऐकू आली म्हणजे काम झालं.

वारा कुठनं येतोय ते बघा. वारा पाठीमागनं असला तर आपला वास पुढं जातो, अस्वलाला आपसूक कळतं. वारा तोंडावर असला तर आपण त्याच्यासाठी नसल्यातच जमा, तेव्हा आवाज दुप्पट करायचा. पावसाळ्यात ओढ्याकाठी आणखी सांभाळायचं. पाणी असं गर्जत असतं की माझी घंटी मला ऐकू येत नाही, त्याला काय येणार? तिथं मी काठी खडकावर आपटत जाते.

वेळ सांभाळा. सूर्य चांगला वर आल्याशिवाय मी झाडीत शिरत नाही आणि उन्हं कलायच्या आत खाली येते. माझी लेक कराडला प्राणिशास्त्र शिकते. २०१८ साली छापून आलेला एक अभ्यास तिनं मला वाचून दाखवला. सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांची माहिती एकत्र करून त्यांनी बघितलं, तर जिथं माणसाची वर्दळ जास्त तिथं प्राणी आपला वावर दिवसातनं रात्रीत ढकलतात. मला नवल वाटलं नाही. दिवस त्यांनी आपल्याला सोडलेला आहे. पहाट आणि तिन्हीसांज, एवढीच वेळ दोघांची मिळून आहे, आणि गाठीभेटी तेव्हाच होतात. कुणाला पहिली एसटी गाठायची म्हणून अंधारात उतरताना मी बघते, तेव्हा माझा जीव खाली-वर होतो.

उन्हाळा संपता संपता करवंदं, जांभळं, फणस, उंबर पिकतात. आपण आणि अस्वल एकाच झाडाखाली जातो. ताजं फोडलेलं वारूळ, आतली माती अजून ओली. झाडाच्या बुंध्यावर वर मोहोळापर्यंत गेलेले नखांचे ओरखडे. जांभळाच्या बियांनी भरलेली काळी विष्ठा. यातलं काहीही ताजं दिसलं तर त्या दिवशी ती वाट सोडून द्या. हिरडा, शिकेकाई गोळा करायला जाताना चौघीजणी तरी एकत्र जा, आणि एकत्र म्हणजे हाकेच्या अंतरावर नव्हे, हाताच्या अंतरावर. मुलं मधे. कुत्रं मोकळं सोडू नका. आपल्याला वाटतं कुत्रं राखण करतं. ते पुढं जाऊन अस्वलाला भुंकतं, अस्वल अंगावर आलं की शेपूट घालून मालकाकडं पळत येतं, आणि मागोमाग अस्वल.

आता समोरासमोर गाठ पडली तर.

२०१९ च्या मे महिन्यात माझी पडली. सकाळचे साडेनऊ. वारा तोंडावर होता आणि मी बोलायची थांबले होते, कारण चढानं दम लागला होता. चाळीस-एक पावलांवर वाटेतच अस्वलीण, पाठीवर दोन पिल्लं. आपलं अस्वल पिल्लांना असं पाठीवर घेऊन हिंडतं. तिनं मान वर केली आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली. बघणाऱ्याला वाटतं आता झडप घालणार. पण उभं राहून ती वास घेत असते, समोर काय आहे ते समजून घेत असते. मी थांबले. घंटी हातात धरून गप्प केली, कारण आता इतक्या जवळ खणखणाट नको. खालच्या पट्टीत बोलायला लागले, जसं घाबरलेल्या बाळंतिणीशी बोलते तसं, "जा बाई, जा, मी चालले." नजर तिच्या पायांकडं, डोळ्यांत डोळे नाहीत. पाठ न फिरवता एक पाऊल मागं, एक पाऊल बाजूला. आण्णांचं तिरकं चालणं, फक्त उलटं. तिनं फुस्स करून नाकानं हवा सोडली, खाली झाली आणि जाळीत गेली. मी त्या दिवशी पुढं गेले नाही. बीपीच्या गोळ्या एक दिवस उशिरा पोचल्या तरी चालतात.

पळायचं नाही. माणूस कितीही चपळ असला तरी अस्वल त्याच्यापेक्षा जोरात धावतं, चढावरही आणि उतारावरही. झाडावर चढायचं नाही, ते आपल्यापेक्षा चांगलं चढतं. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात त्यात हात पसरून मोठं व्हा, आरडाओरडा करा, दगड मारा असं सांगतात. ते बहुतेक अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाबद्दल असतं. त्याचा स्वभाव वेगळा, ते घाबरून मागं सरतं. आपलं अस्वल असल्या दमदाटीला आव्हान समजतं. लांबनं आवाज करायचा तो त्याला कळावं म्हणून. जवळ आल्यावर आवाज खाली आणायचा. हा फरक नव्या माणसांना मी दोन-दोनदा सांगते.

आणि तरीही ते अंगावर आलंच, पंजा पडलाच, तर पालथं पडायचं. पोट, छाती, तोंड जमिनीला. दोन्ही हातांची बोटं मानेमागं एकमेकांत घट्ट अडकवायची, कोपरं कानशिलांना लावायची. पाठीवरची पिशवी काढू नका, तीच ढाल. ओरडत, लाथा झाडत राहिलात तर ते जास्त वेळ थांबतं. अस्वल बहुतेक वेळा तोंड आणि डोकं धरतं, म्हणून तोंड वाचवायचं. हल्ला फार वेळ चालत नाही, पण ते गेलं असं वाटल्यावरही लगेच उठू नका. वरच्या वाडीतल्या एका काकांच्या कमरेला कोयता होता. कोयत्याला हात जायच्या आत ते आडवे झाले होते. मान झाकली म्हणून आज बोलतायत, चालतायत. एका डोळ्याच्या कडेपासनं हनुवटीपर्यंत व्रण आहे. त्या दिवशी त्यांना डालग्यात बसवून खाली आणणाऱ्या चार पोरांत माझा धाकटा दीर होता, आणि घरी आल्यावर तो रात्रभर काही बोलला नाही.

गवा, बिबट्या आणि लांडगा

गव्याबद्दल थोडक्यात. हजार किलोपर्यंतचं जनावर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखं. कळप आपल्या वाटेनं जातो, जाऊ द्या. एकटा नर जास्त सांभाळायचा. तो आडवा उभा राहून आपली कूस दाखवतो, म्हणजे "बघ मी केवढा आहे" असं सांगतो. तेव्हाच मागं सरायचं. मान खाली गेली, फुरफुर सुरू झाली, तर उशीर झालेला असतो, जाड झाडाचा किंवा भिंतीचा आडोसा धरायचा. गव्याला आणि माणसाला दोघांनाही सगळ्यात घातक असते ती गर्दी. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा आला होता. शेकडो माणसं मागं लागली, तो तासन्‌तास पळत राहिला, भिंतींवर आपटत राहिला, भुलीचं इंजेक्शन देऊन पकडला आणि मेला. गावात गवा आला तर तुमचं काम एवढंच: पोरांना घरात घ्यायचं, कुत्री बांधायची, त्याला रानाकडची एक बाजू मोकळी सोडायची.

बिबट्याला झाडीच लागते असं नाही, त्याला ऊस पुरतो. माझी थोरली बहीण वाळवा तालुक्यात दिली आहे, चारी बाजूंनी ऊस. तिकडचं मागणं नेहमीचं, "पकडून लांब नेऊन सोडा." अकोल्याकडच्या, म्हणजे अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागं साधारण ५ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं होती. माणसं झोपायची आणि ते गावकुसाला लागून फिरून जायचे. त्याआधी २००९ मध्ये त्यांनीच ठावठिकाणा कळवणारा पट्टा लावून माळशेज घाटात सोडलेला एक म्हातारा बिबट्या सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोचला. लांब सोडलं म्हणून जनावर तिथंच राहतं असं नाही. आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो, ज्याला आपल्या वाड्या-वस्त्यांची सवय नसते.

तेव्हा बहिणीला मी सांगते ते वेगळं. बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला बारक्या जनावरासारखं दिसतं. अंधारात परसाकडं एकटीनं जाऊ नका, दोघींनी जा, बॅटरी आणि बोलणं चालू ठेवा. वैरण कापायला वाकायच्या आधी चार हाका मारा. पोरं संध्याकाळी उसाच्या कडेला खेळायला सोडू नका. कोंबड्या-शेरडांचा गोठा वरनंही जाळीनं बंद पाहिजे. आणि जेवण झाल्यावर मटणाची हाडं उकिरड्यावर टाकू नका, कारण हाडांवर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या.

ऊसतोडीत पिल्लं सापडतात. दरवर्षी कराड, वाळवा, शिराळ्याकडं हे होतं. मांजराएवढी पिल्लं, डोळे नुकते उघडलेले, आणि तोडकऱ्यांच्या पोरी त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढतात. त्या पोरींना रागवावंसं वाटत नाही, त्यांच्या हातांत बाहुली कधी आलेली नसते. पण पिल्लं तिथंच ठेवा. आई टाकून गेलेली नसते. ती आवाजाला भिऊन शेजारच्या फडात दबून बसलेली असते आणि अंधार पडला की येते. फडातलं तेवढं टोक तोडायचं थांबवा, वनखात्याला कळवा. ते पिल्लं टोपलीत घालून त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि आई रात्री एकेक उचलून नेते. सगळी माणसं तिथनं हलली पाहिजेत, ही एकच अट. ऊस पेटवून तोडत असाल तर आधी फडात फिरून या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. आईला पळता येतं. पिल्लाला येत नाही.

लांडग्याचं आण्णाच जास्त चांगलं सांगतील. त्यांच्या हिशेबात लांडगा माणसाकडं कधी बघतच नाही, तो शेरडाकडं बघतो. वाघूर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, पक्की, राखणीला दोन कुत्री, कोकरं मधे, आणि लांडगा दिसला तर कळपाच्या मधे उभं राहून ओरडायचं. पाठलाग करायचा नाही. एकाच्या मागं तुम्ही धावलात की दुसरा उलट्या बाजूनं शिरतो.

भाकरीचा तुकडा

आता जे सांगते त्यावर माझं आणि माझ्या भावाचं भांडण झालेलं आहे.

२०२१ मध्ये मी दिवाळीला माहेरी गेले तर भावानं बिळाजवळ रोज संध्याकाळी भाकरी आणि सुकटीचा चुरा ठेवायला सुरुवात केली होती. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुष्काळात ती जोडी तगावी म्हणून सुरू केलं आणि मग जीव लागला. नर इतका धीट झालेला की दहा पावलांवर येऊन बसायचा. पाव्हणे बघायला यायचे, मोबाईल काढायचे. भाऊ म्हणायचा, "बघ, माणसाळलंय."

माणसाळणं काय असतं ते लेकीनं मला नंतर सांगितलं. रशियात नोव्होसिबिर्स्कला १९५९ मध्ये बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं कातड्यासाठी पाळलेल्या, खोकडाच्याच जातकुळीतल्या रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीत जे सगळ्यात कमी बुजतात तेवढ्यांचीच पैदास करायची. चौथ्या पिढीत कुठं काही पिल्लं माणूस दिसला की शेपूट हलवायला लागली. पुढं कान लोंबले, रंग बदलले. म्हणजे माणसाळायला पिढ्या लागतात आणि वेचून केलेली पैदास लागते. भाकरी खाऊन एका खोकडाची एका माणसाची भीती गेली, एवढंच आमच्याकडं झालं होतं. आणि भीती गेली ती फक्त भावाची गेली नाही, सगळ्या माणसांची गेली. ते भावाला ओळखत नव्हतं, ते 'दोन पायांचं, हातात काहीतरी घेऊन येणारं' याला ओळखत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते वस्तीवरल्या एकाच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी दिवसाढवळ्या गेलं. तिथल्या माणसाच्या हातातही काहीतरी होतं. ते पळालं नाही. मला त्या माणसावर राग धरता येत नाही. त्याला वाटलं पिसाळलेलं आहे, आणि तसं वाटणं बरोबर होतं, कारण जे जंगली जनावर दिवसा माणसाकडं चालत येतं ते एक तर सवयीचं असतं किंवा आजारी. लांबनं दोन्ही सारखीच दिसतात. झोकांड्या जातायत, तोंडातनं लाळ, दिसेल त्याला चावतंय, असं असेल तर जवळ जाऊच नका. पिसाळणं आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे रोग गावच्या कुत्र्यांकडनं रानात जातात, तेव्हा आपल्या कुत्र्यांना लस टोचून घेणं हे खोकडासाठीही केलेलं काम आहे.

भावाशी मी दोन महिने नीट बोलले नाही. तो रडला होता, हे मला वहिनीनं सांगितलं.

यवतेश्वराच्या घाटात, महाबळेश्वराच्या वाटेवर गाडीतनं माकडांना बिस्किटं टाकणाऱ्यांना मी आता थांबून सांगते. काही ऐकतात. एकदा एक बाई म्हणाल्या, "अहो, पुण्य लागतं." मी म्हटलं, "ताई, उद्या हेच माकड एखाद्या पोराच्या हातातलं ओढायला जाईल, चावेल, आणि त्या पोराला इंजेक्शनला घेऊन जाणारी मी असेन." त्यांनी पुडा परत पिशवीत ठेवला.

चावा, ओरखडा, पंजा

रानातल्या कुठल्याही सस्तन जनावराचा चावा किंवा रक्त आलेला ओरखडा मी रेबीजचा धोका धरूनच चालते. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तंबाखू, काहीही भरायचं नाही. घट्ट पट्टी नाही. रक्त भळाभळा वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं. १०८ ला फोन करायचा. अस्वलाच्या जखमेत कातडी लोंबत असली तरी ती ओढायची किंवा कापायची नाही, ओल्या स्वच्छ कापडानं जागच्या जागी झाकायची, डॉक्टर ती वापरतात. दवाखान्यात जखमेत द्यायचं सीरम आणि दंडातली लस, दोन्हींबद्दल स्वतः विचारा. कातडीत टोचायची लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम भरत आली की माणसं अठ्ठाविसाव्या दिवसाची बुडवतात. मी माझ्या वहीत तारीख लिहून त्यांच्या दारात जाऊन उभी राहते.

वनखात्याचा फुकट नंबर १९२६. फोनवर आधी गाव आणि जागा सांगा, मग जनावर, मग ते आत्ता काय करतंय ते. बाकीचं ते विचारतात. जनावरानं शेरडू, वासरू मारलं असेल तर ४८ तासांच्या आत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जागचं हलवायचं नाही. पाऊस असेल तर वर ताडपत्री टाका. माणूस जखमी असेल तर दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. काकांच्या वेळी पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी हरवली आणि भरपाईच्या प्रकरणाला किती खेटे घालावे लागले ते मी बघितलंय.

आमच्या वरच्या वाडीत रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, तीही डाव्या कोपऱ्यात. म्हणून १०८, १९२६ आणि आमच्या बीटच्या वनरक्षकांचा नंबर मी तिथल्या भिंतीवर तेलरंगानं लिहून घेतला आहे, चार बोटं उंचीच्या आकड्यांत, म्हातारीलाही वाचता येईल असा. वनरक्षकांची बदली झाली की शेवटची ओळ पुसून नवी लिहायची. रंगाचा डबा देवळातच ठेवलाय.